संकरित नारळाची बोंडं सुपारीएवढी होऊन गळतात: सोलापूरच्या रानात काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सोलापूर जिल्ह्यात बांधावर, विहिरीच्या कडेला आणि घरामागे लावलेल्या संकरित नारळांबद्दल मला एकच तक्रार सतत ऐकायला मिळते. झाड दिसायला दणकट, पोय (फुलोरा) वेळेवर येते, पोयीत बोंडं भरपूर लागतात आणि महिना-दोन महिन्यांत ती सगळी आळ्यात पडलेली असतात. मोहोळपासून माळशिरसपर्यंत कित्येक झाडांखाली मी हीच गळ पाहिली आहे. बहुतेक ठिकाणी कारण महागडं नव्हतं. महाग पडला तो औषधांचा क्रम. आधी फवारणी झाली, मग टॉनिक, मग मुळाशी काहीतरी ओतलं गेलं आणि सगळ्यात शेवटी पाण्याकडे लक्ष गेलं. म्हणून हा क्रम उलटा लावून लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अनेकजण विचारतात, संकरित झाड रोगाला दाद देत नाही असं ऐकलं होतं, मग हे कसं? नारळाचा संकर करण्याचं काम केरळातल्या निलेश्वरच्या केंद्रावर १९३० च्या दशकात सुरू झालं आणि तिथून आजच्या टी बाय डी, डी बाय टी जाती आल्या. टी बाय डी म्हणजे आई उंच जातीची आणि बाप ठेंगू. डी बाय टी म्हणजे त्याच्या उलट. चौघाट ग्रीन ड्वार्फ (ठेंगू) आणि वेस्ट कोस्ट टॉल (उंच) यांच्यापासून केलेली कल्पसंकरा ही जात केरळातल्या मुळांच्या मर रोगात तग धरते, म्हणून तिचं नाव झालं. पण ही ताकद त्या एका रोगापुरती आहे. आपल्याकडची चुनखडी, ४२-४३ अंशांचं ऊन, कॅनॉलचं कधी आठवडाभर तर कधी महिनाभर लांबणारं आवर्तन, यांच्याविरुद्ध ती काहीही करत नाही. उलट संकरित झाड चार-पाच वर्षांत फळावर येतं, बाणवली या उंच जातीसारखी सात-आठ वर्षं थांबत नाही. लवकर आणि जास्त देणाऱ्या झाडाची भूकही तेवढीच लवकर लागते.

(अक्रोड, पिकन, हेझलनट यांच्या थंडी सोसणाऱ्या संकरित जाती इथे लावाव्यात का, असंही विचारलं जातं. लावू नका. त्या झाडांच्या कळ्या फुटायला हिवाळ्यात सात अंशांच्या खाली शेकडो तास लागतात, आणि सोलापूरच्या हिवाळ्यात तेवढे तास मिळत नाहीत. कवचाच्या आत गर देणारं, आपल्या हवेत येणारं झाड म्हणजे नारळ.)

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते कागदावर लिहून काढा. पुढची प्रत्येक तपासणी यावर अवलंबून आहे.

- पोय उघडल्यापासून दोन महिन्यांच्या आत, वाटाण्यापासून सुपारीएवढी बोंडं गळतात.
- लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी फळं गळतात, टोपणाखाली (देठाकडच्या टोपीखाली) डाग किंवा तडे दिसतात.
- अर्धी वाढ झालेल्या फळाला देठाजवळ गोल भोक असतं.
- नारळ झाडावर पूर्ण मोठा होतो, पण फोडला तर आत खोबरं नसतं किंवा पातळ थर असतो.
- पोयीत मादी फुलंच कमी, दोन-चार, किंवा पोय न उघडताच वाळते.
- गळीबरोबर झावळ्या पिवळ्या, आखूड, किंवा टोकाला आकड्यासारख्या वळलेल्या.
- मधला न उघडलेला कोंब, म्हणजे सुई, कललेली किंवा कुजका वास येणारी.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा. तिथे उशीर चालत नाही.

१. हा बिघाड आहे का, ते आधी ठरवा

नारळ स्वतःची बोंडं स्वतः कमी करतो. एका पोयीत वीस ते चाळीस मादी फुलं येतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या दोन महिन्यांत गळणं हा झाडाचा नेहमीचा व्यवहार आहे. पंचवीस बोंडांतून आठ नारळ टिकले तर झाड निरोगी आहे. नव्याने फळावर आलेल्या झाडाच्या पहिल्या काही पोयी तर जवळजवळ रिकाम्या जातात. त्यावर कुठलंही औषध नको.

म्हणून आजच्या आळ्यातल्या ढिगाकडे बघून घाबरू नका. नुकत्या उघडलेल्या पोयीला रंगीत सुतळी बांधा, तारीख आणि बोंडांची संख्या लिहा. तीन महिन्यांनी उरलेली मोजा. अशा तीन-चार पोयींची नोंद झाली की चित्र स्पष्ट होतं. सगळ्याच पोयींत एक-दोन फळंच टिकत असतील तर बिघाड आहे. मार्च ते मे या काळात उघडलेल्या पोयी तेवढ्या रिकाम्या जात असतील आणि पावसाळ्यात उघडलेल्या भरत असतील, तर तो उन्हाचा आणि पाण्याचा प्रश्न आहे, रोगाचा नाही. खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे हीच तपासणी वाचवते.

२. पडलेलं बोंड उचला आणि बघा

झाडावर चढण्याआधी जमिनीवरचा पुरावा गोळा करा. दहा-पंधरा ताजी बोंडं घ्या, टोपण काढा, चाकूने उभी चिरा.

टोपणाखालचा भाग स्वच्छ, पांढरा, आत कुठेही डाग नाही: पाणी, खत किंवा परागीकरण. तिसऱ्या ते सहाव्या तपासणीकडे जा.

टोपणाच्या कडेखाली पिवळसर-पांढरा त्रिकोणी डाग, मोठ्या फळावर तोच तपकिरी होऊन चिरलेला: एरिओफाइड कोळी. १९९८ मध्ये केरळात एर्नाकुलमकडे आपल्या देशात पहिल्यांदा दिसला आणि पुढे सगळीकडे पसरला. डोळ्याला दिसत नाही, डागावरूनच ओळखायचा. कोरड्या हवेत वाढतो, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात जोर करतो.

देठाकडून कुजत आलेलं, ओलसर, तपकिरी: बुरशी. हे सप्टेंबरच्या पावसानंतर जास्त दिसतं, कारण आपला मोठा पाऊस त्याच महिन्यात येतो.

देठाजवळ कुरतडलेलं भोक: उंदीर. यावर विष टाकत बसू नका. जमिनीपासून सहा-सात फुटांवर खोडाला फूटभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा आणि शेजारच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या बाजूने उडी मारता येईल अशी वाळकी झावळी काढून टाका. एवढ्यावर प्रश्न सुटतो.

३. झावळ्या तोडल्या जातात का, ऊन मिळतं का

लग्नसराईत मांडवासाठी हिरव्या झावळ्या तोडून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि शेजाऱ्याला नाही म्हणवत नाही. पण प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते आणि त्या घडाला अन्न तीच झावळी पुरवते. मोठ्या झाडावर तीस-पस्तीस झावळ्या असायला हव्यात. वीस-बावीसच असतील आणि तोडल्याच्या खुणा ताज्या असतील तर कारण सापडलं. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. वाळून लोंबणाऱ्याच झावळ्या काढा.

झाड दोन इमारतींच्या मध्ये किंवा चिंचेच्या सावलीत असेल तर ते उंच जाईल पण फळ धरणार नाही. सावलीवर खताचा इलाज नाही.

४. पाणी: इथे वेळ द्या

सोलापुरातल्या बोंडगळीचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि ‘पाणी तर भरपूर देतो’ असं म्हणणाऱ्यांच्या रानातही हेच.

नारळाला सोटमूळ नसतं. खोडाच्या बुंध्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची शेकडो मुळं फुटतात आणि त्यातली कामाची मुळं खोडापासून पाच-सहा फुटांच्या वर्तुळात पसरलेली असतात. आपण पाणी देतो ते मात्र बुंध्याला. ठिबकचा एकच ड्रिपर खोडाला टेकवलेला मी नेहमी पाहतो. बुंधा ओला, मुळांची टोकं कोरडी. झाड ताबडतोब सुकत नाही, कारण ते स्वतःला वाचवतं. पहिली किंमत बोंडं मोजतात.

तपासणी सोपी आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खोडापासून चार फुटांवर खुरप्याने फूटभर खोदा आणि माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ठीक. भुगा झाला तर ड्रिपर हलवा: खोडापासून साडेतीन-चार फुटांवर गोल नळी टाकून चार ते सहा ड्रिपर. फळावरच्या झाडाला मी उन्हाळ्यात रोज साठ-सत्तर लिटरच्या खाली येऊ देत नाही. हलक्या मुरमाड रानात हे पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून द्या, एका वेळी दिलेलं खाली निघून जातं.

दुसरी गोष्ट खंडाची. उजनीच्या कॅनॉलवर असलेल्यांचं पाणी आवर्तनावर चालतं. तीन आठवडे कोरडं आणि मग एकदम आळं तुडुंब भरलं, तर त्या धक्क्यानेही बोंडं गळतात. कॅनॉल सुटल्यावर गळ वाढली, अशी तक्रार म्हणूनच येते. पाणी आल्याचा दोष नाही, मधल्या कोरडेपणाचा आहे. दोन आवर्तनांच्या मध्ये बोअरचं, टँकरचं, घरातल्या धुण्याचं साबण कमी असलेलं पाणीही चालेल, पण खंड पडू देऊ नका. आळ्यात नारळाची सोडणं, उसाचं पाचट किंवा वाळक्या झावळ्या वीतभर जाड अंथरा. सोडण पाणी धरून ठेवतं आणि मे महिन्यात मातीचं तापणं थांबवतं. खोडाला मात्र ते टेकू देऊ नका.

तिसरी गोष्ट उलटी आहे आणि ती काळ्या रानात उसाशेजारी लावलेल्या झाडांत दिसते. उसाला मोकळं पाणी, त्याचा पाझर नारळाच्या मुळांत. झाड पिवळं पडतं, मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून देतो. झाडापासून पाच फुटांवर दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या आणि रात्रभर उघडा ठेवा. सकाळी त्यात पाणी साचलं असेल किंवा मातीला आंबूस वास येत असेल तर मुळं गुदमरली आहेत. ऊस आणि नारळ यांच्यामध्ये तीन फूट खोल चर काढा आणि पाझर बाहेर न्या. चर काढल्यावर कुठल्याही खताशिवाय पालवी सुधारलेली मी पाहिली आहे.

पाणी दुरुस्त केल्यावर गळ थांबायला दोन-तीन महिने द्या. मात्र पोयीतल्या मादी फुलांची संख्या लगेच वाढणार नाही. पोयीचा अंकुर ती उघडण्याच्या सुमारे अडीच वर्षं आधी शेंड्यात तयार व्हायला लागतो, आणि पोय उघडल्यावर नारळ पिकायला अजून बारा महिने. म्हणजे एखाद्या वर्षी पाऊस चुकला तर त्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षं दिसत राहतो. या वर्षी झाड नीट सांभाळूनही फळ कमी असेल तर तो मागच्या दुष्काळाचा हिशोब असू शकतो. अशा वेळी धीर धरा, दर महिन्याला नवा उपाय बदलू नका. यात झाडाचं जास्त नुकसान होतं.

५. खत आणि चुनखडी

झावळ्यांचा रंग वाचायला शिका, त्याला पैसे पडत नाहीत.

जुन्या, खालच्या झावळ्या कडेने पिवळ्या होऊन वाळत जातात: पालाश (पोटॅश) कमी. संपूर्ण झाड फिकट, खालून सुरुवात: नत्र कमी. नव्या झावळ्या पिवळ्या, पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. नवी झावळी आखूड, पानं एकमेकांना चिकटलेली, टोकं आकड्यासारखी वळलेली, आणि नारळ आतून वांझ: बोरॉन.

शेवटची दोन आपल्या जिल्ह्याची खास दुखणी आहेत. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी आहे आणि सामू (पीएच) आठच्या पुढे जातो. अशा मातीत लोह, जस्त असतं पण झाडाला मिळत नाही. त्यात पाणी साचलं तर ते आणखी अडतं. म्हणूनच पाण्याची तपासणी खताच्या आधी ठेवली. गुदमरलेल्या मुळांना खत देऊन उपयोग नाही.

कोकणातल्या शिफारशीप्रमाणे पाच वर्षांवरच्या झाडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागतं. लहान झाडाला वयाप्रमाणे: पहिल्या वर्षी पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, असं चढत जायचं. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदाच. युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असे तीन हप्ते. फेब्रुवारीचा हप्ता पाण्याची खात्री असेल तरच द्या. कोरड्या मातीत खत टाकलं तर मुळं भाजतात आणि गळ वाढते. खत खोडाजवळ नको, दीड फूट सोडून सहा फुटांपर्यंतच्या वर्तुळात पसरा आणि मातीने झाका.

बहुतेक घरांत युरिया पडतो, पोटॅश पडत नाही. नारळाला मात्र पोटॅशची भूक मोठी असते, फळ टिकायला आणि खोबरं भरायला तेच लागतं. एका वर्षात एकच गोष्ट सुधारता येणार असेल तर पोटॅश सुधारा.

बोरॉनच्या खुणा असतील तर बोरॅक्स, झाडाला एका वेळी पन्नास ग्रॅम, आळ्यात पसरून, वर्षातून दोनदा. जास्त देऊन लवकर फरक पडत नाही. बोरॉन जास्त झालं तर पानांची टोकं जळतात. लोहासाठी फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी ते धरून ठेवते. ते शेणखतात कालवून आठ-दहा दिवस मुरू द्या आणि मग आळ्यात घाला.

मिठाबद्दल. कोकणातले पाहुणे सांगतात, माडाला मीठ घाला. तिथल्या भरपूर पावसाच्या, धुऊन गेलेल्या जमिनीत त्याला अर्थ असेल. आपल्या कमी पावसाच्या, कित्येक ठिकाणी चोपण झालेल्या रानात मीठ घालू नका. नारळाला लागणारं क्लोराइड म्युरेट ऑफ पोटॅशमधून मिळतंच.

खताचा पुढचा खर्च करण्याआधी माती आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. माती आळ्यातून फूटभर आणि दोन फूट अशा दोन थरांची वेगळी द्या, कारण आपल्याकडे चुनखडीचा थर बऱ्याचदा खाली असतो आणि वरच्या मातीत दिसत नाही.

६. परागीकरण

उंच जातीच्या पोयीत नर फुलं आधी उमलून झडतात आणि मादी फुलं नंतर तयार होतात, म्हणून एकट्या झाडाला शेजाऱ्याच्या परागाची गरज पडते. ठेंगूत दोन्ही एकाच वेळी. संकरित झाड या दोघांच्या मधलं, आणि आईबापांपैकी कोणाकडे झुकतं त्यावर ठरतं. शंभर-दीडशे फुटांत दुसरा नारळ नसेल तर एक बाणवली किंवा ठेंगू लावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पोयीवर मधमाश्या दिसतात का बघा. दिसत नसतील तर शेजारच्या डाळिंबावर किंवा द्राक्षावर नुकती फवारणी झाली आहे का विचारा. तुमच्या बागेतही पोय उघडी असताना कीटकनाशक मारू नका. मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्यात पराग वाळतो, त्यावर पश्चिमेकडून शेवरी किंवा बांबूची ओळ, एवढाच उपाय माझ्याकडे आहे.

७. आता शेंडा

इथून पुढे माणूस लागतो, म्हणजे खर्च. चढणारा अनुभवी घ्या. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं आहे. असा प्रशिक्षित माणूस मिळाला तर उत्तम. नारळ उतरवायला येईल तेव्हाच शेंडा साफ करून घ्या, वेगळी मजुरी लागत नाही. त्याला वर काय बघायचं ते आधी सांगा आणि फोनवर फोटो काढायला लावा.

उघडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप आणि न उघडलेल्या पोयीला भोक: गेंड्या भुंगा. पोयच खाल्ली गेली तर बोंडं कुठून येणार? वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बगलेत अडीचशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून भरा, जूनच्या आधी आणि सप्टेंबरनंतर. खरा कारखाना मात्र तुमचा उकिरडा आहे. या भुंग्याच्या अळ्या कुजलेल्या शेणखतात वाढतात. खड्डा उपसा, पांढऱ्या जाड अळ्या वेचा, मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळा. नुसता शेंडा साफ करून दरवर्षी तोच भुंगा परत येतो.

कोळ्याचे डाग असतील तर पोयींवर, एक ते सहा महिन्यांच्या घडांवर, निंबोळी तेल, लसूण आणि साबण यांचं दोन टक्के मिश्रण फवारा: लिटरभर पाण्याला वीस मिली तेल, वीस ग्रॅम लसणाचा रस, पाच ग्रॅम साबण. पालाश आणि पाणी नीट असलेल्या झाडाला कोळ्याचा मार कमी बसतो.

पानांच्या खाली पांढरी वर्तुळं आणि वरच्या बाजूला काळी काजळी दिसली तर ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीकडे पहिल्यांदा नोंदली गेली. जोरदार पाण्याने धुवा आणि कीटकनाशक मारू नका. तिच्यावर जगणारी एन्कार्शिया नावाची लहान गांधीलमाशी तिला आवरते आणि फवारणीत आधी तीच मरते.

मुळातून जहाल कीटकनाशक पाजायचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. त्या झाडाची शहाळी तुमच्याच घरातलं आजारी माणूस पिणार असतं.

८. जातच चुकली असेल तर

वरचं सगळं दोन-तीन वर्षं नीट करूनही झाड रिकामं राहत असेल तर रोप कुठून आलं ते आठवा. संकरित झाडाचा नारळ पेरून केलेलं रोप संकरित राहत नाही. त्याची पिल्लं कोणी उंचावर जातात, कोणी ठेंगूवर, आणि फळाचा भरवसा नसतो. बाजारात अशीच रोपं ‘हायब्रीड’ म्हणून येतात. खरी संकरित रोपं निवडलेल्या आईच्या पोयीतली नर फुलं काढून, निवडलेल्या बापाचा पराग टाकून तयार करतात. चौघाट ऑरेंज या ठेंगू जातीच्या आईपासून केलेल्या डी बाय टी रोपवाटिकेत पानाच्या देठाचा रंग बघतात: नारिंगी देठाचं रोप म्हणजे आईचंच, ते बाजूला काढतात, तपकिरी-हिरवट देठाचं रोप संकरित.

मोठ्या झाडावर याला औषध नाही. शेजारी कृषी विद्यापीठाच्या किंवा नारळ विकास मंडळाच्या रोपवाटिकेतून, पावतीसह, नवं रोप लावा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र आपल्याच राज्यात आहे. पंचवीस फूट अंतर सोडा. जुनं झाड नव्याला फळ येईपर्यंत राहू द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सुई हलवल्यावर निघून हातात येते किंवा शेंड्यातून कुजका वास येतो: कोंब कुजतोय. नारळाला वाढणारा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं. त्याच दिवशी फोन करा. कुजलेला भाग काढून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायचं काम माहीत असलेल्या माणसानेच करावं. अर्धवट कापलं तर रोग खाली सरकतो आणि शेजारची झाडंही धोक्यात येतात.

खोडाला भोकं, त्यातून चघळलेला भुसा आणि तपकिरी रस, कान लावला तर आत कुरकुर: सोंड्या भुंगा. खोडात औषध भरणं हे प्रमाणाचं आणि सुरक्षेचं काम आहे, घरी करू नका.

खोडाच्या सालीतून लालसर रस गळून काळा पडतोय, किंवा बुंध्याजवळ लाकडी छत्र्या उगवल्या आहेत: खोडाचे बुरशीजन्य रोग. छत्र्यांचा रोग, गॅनोडर्मा, मुळांतून दुसऱ्या झाडाकडे जातो. त्या आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात वाहू देऊ नका आणि जाणकार येईपर्यंत तिथलं खुरपं इतर झाडांना लावू नका.

झाडाच्या झावळ्या विजेच्या तारेला टेकतात: कोणालाही चढू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी. महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या, मगच काम.

सल्ल्यासाठी जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी हे हाताशी ठेवा: झाडाचं वय, रोप कुठलं, सुतळी बांधलेल्या पोयींची नोंद, गेल्या वर्षी कोणतं खत किती दिलं, पाणी रोज किती आणि कुठे पडतं, माती-पाण्याचा अहवाल. फोटो चार: पूर्ण झाड, शेंडा जवळून, चिरलेलं बोंड, आणि बुंधा. जाणकार येणार असेल तर पडलेली बोंडं फेकू नका. कागदाच्या पिशवीत, तारीख लिहून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ती एका रात्रीत घामेजतात आणि कुजण्याचं मूळ कारण ओळखता येत नाही.